बार दुसराच निघाला तर? विमानाचे भाग बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपसाठी

पुण्याला भोसरी-चाकण, नाशिकला अंबड-सातपूर, बेळगावला उद्यमबाग-मच्छे. या पट्ट्यांतली बरीच वर्कशॉप आता विमानाच्या भागांचं जॉबवर्क घेतात. त्यांतली कितीतरी आधी गाड्यांचे भाग करायची. अशा वाचकांचे तीन प्रश्न फिरून फिरून येतात. पहिला : "मिल सर्टिफिकेट हातात आहे, मग वर टेस्टचा खर्च कशाला?" दुसरा : "पार्ट मापात आहे, गेजला पास आहे, धातू जरा इकडचा तिकडचा झाला तर काय बिघडलं?" आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून : "माल गेल्यावर कळलं की बार दुसराच होता. सांगितलं तर ऑर्डर जाईल. नाही सांगितलं तर?"

तिसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. सांगा, लेखी सांगा आणि आजच सांगा. कसं सांगायचं ते पुढे येईलच. पण हे उत्तर पटायला हवं असेल, तर तुमचा पार्ट विमानात बसल्यानंतर त्याची तपासणी कशी होते, ते आधी पाहायला हवं.

तपासणी किती मोठी होणार, ते तुमचं रजिस्टर ठरवतं

ऑक्टोबर २०२१ मध्ये बोईंगने सांगितलं, की ७८७ विमानांत आधीच्या तीन वर्षांत बसलेले काही टायटॅनियमचे भाग हवे त्यापेक्षा कमी ताकदीचे आहेत. भाग दिसायला किरकोळ : फ्लोअर बीम धरणारी फिटिंग्ज, स्पेसर, ब्रॅकेट, क्लिपा. ते इटलीच्या लिओनार्दो कंपनीमार्फत आले होते आणि लिओनार्दोने ते ब्रिंदिसीतल्या एका उपठेकेदाराकडून घेतले होते. उडणाऱ्या विमानांना तातडीचा धोका नाही, असं बोईंगचं म्हणणं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारी वकिलांनी तपासाचा तपशील दिला. त्यांचा आरोप असा, की ठरलेल्या अलॉयऐवजी स्वस्त, कमी ताकदीचा धातू वापरला गेला. टायटॅनियमचे ४,८२९ आणि ॲल्युमिनियमचे १,१५८ नग त्यांनी मोजून सांगितले. सात जण आणि दोन कंपन्या तपासाखाली आल्या. आपणच फसवले गेलो, असं लिओनार्दोने सांगितलं.

आता त्यातली एक क्लिप डोळ्यांसमोर आणा. ती तळहातावर मावते. पण विमानात ती जमिनीखाली बसते. तिच्यापर्यंत पोचायला खुर्च्या, कार्पेट, फ्लोअर पॅनेल, इन्सुलेशन काढावं लागतं आणि तेवढे दिवस विमान हँगरमध्ये उभं राहतं. म्हणून चुकीच्या धातूचा शोध आधी कागदावर घेतात आणि मग विमानावर. कोणती हीट, कोणता लॉट, कोणते सीरियल नंबर, ते कोणत्या विमानात गेले, हे सगळं कागदावर जुळवतात. दुबळ्या धातूवरही तो सांधा भार पेलेल का, याचा हिशेब डिझाइनवाले करतात. त्यावरून तपासणी लगेच करायची की पुढच्या मोठ्या चेकला, ते ठरतं. मग निर्माता सर्व्हिस बुलेटिन काढतो. प्रकार सुरक्षिततेला बाधक वाटला तर अमेरिकेचं एफएए एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह काढतं. एरवी आधी मसुदा जाहीर करून हरकती मागवतात आणि निकड असेल तर थेट हुकूम निघतो. मुदत उड्डाणतासांत, उड्डाणांच्या संख्येत किंवा महिन्यांत दिलेली असते. भारतात नोंदलेल्या विमानांना हे डायरेक्टिव्ह डीजीसीए बंधनकारक करतं. एअर इंडियाच्या ७८७ ताफ्यालाही तोच नियम.

या साखळीत तुमची जागा अगदी सुरुवातीला आहे. "हीट अमुक, १४ नग, हे सीरियल नंबर" एवढं तुम्ही ठामपणे सांगू शकलात, तर १४ नग शोधले जातील. "त्या महिन्यात रॅकवर दोन बार होते, कुठला कुठे गेला सांगता येत नाही" असं उत्तर दिलंत, तर त्या महिन्यातला प्रत्येक नग संशयित होतो. नंतर येणारं बिल त्याच हिशेबाने येतं.

हा कालावधी किती पसरू शकतो, याचं उदाहरण आपल्याकडेच घडलं. प्रॅट अँड व्हिटनीच्या ए-३२० निओ इंजिनांत धातू ठरलेलाच होता, पण ज्या पावडरपासून डिस्क बनल्या तिच्यात भेसळीचे कण होते. संशयाचा काळ २०१५ च्या अखेरच्या तिमाहीपासून २०२१ च्या तिसऱ्या तिमाहीपर्यंतचा, म्हणजे जवळपास सहा वर्षांचा. जगभर इंजिनं उतरवून तपासावी लागली आणि इंडिगोची सत्तरहून जास्त विमानं एका वेळी जमिनीवर होती.

आधी ड्रॉइंग, मग पीओ

बऱ्याच चुका कापण्याआधी, खरेदीच्या एका ओळीत होतात. ड्रॉइंगवरच्या मटेरियलच्या चौकटीत चार गोष्टी असतात. त्या चारही तुमच्या पीओवर जशाच्या तशा उतरायला हव्यात :

- अलॉय : उदाहरणार्थ टायटॅनियम सिक्स-फोर, म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेलं.
- कंडिशन किंवा टेम्पर : ॲनील्ड, टी-६, टी-७३ वगैरे.
- फॉर्म : बार, प्लेट, शीट की फोर्जिंग.
- स्पेसिफिकेशनचा नंबर, रिव्हिजनसकट : सिक्स-फोरच्या बारला एएमएस ४९२८, शीट-प्लेटला एएमएस ४९११.

पीओवर नुसतं "टायटॅनियम बार, ४० डाया" लिहिलंत आणि व्यापाऱ्याने ग्रेड २ चं शुद्ध टायटॅनियम पाठवलं, तर त्याने चूक केलेली नाही. तुम्ही मागितलं तेच दिलं.

दुसरा खड्डा "इक्विव्हॅलंट"चा. "४३४० नाही, ईएन-२४ आहे, एकच की." "६०६१ संपलंय, एचई-३० घ्या, सगळे तेच वापरतात." गाड्यांच्या कामात हे चालून जातं, म्हणून जीभ सैल झालेली असते. विमानात धातू बदलायचा अधिकार फक्त डिझाइन ज्याचं आहे त्याचा. तो तुमचा नाही आणि तुमच्या ग्राहकाच्या पर्चेस ऑफिसरचाही नाही. त्याने फोनवर "चालेल, पाठवा" म्हटलं, तर फोन ठेवल्याबरोबर त्याला मेल करा : "आपण सांगितल्याप्रमाणे पर्यायी धातूसाठी लेखी कन्सेशन पाठवावे, तोवर काम थांबवले आहे." उत्तर बहुधा येत नाही, आणि त्यावरून काय ते समजतं.

सर्टिफिकेट वाचायचं कसं

सर्टिफिकेट असणं आणि ते वाचलेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी. तुम्ही एएस-९१०० प्रमाणित असाल, तर पुरवठादाराच्या टेस्ट रिपोर्टमधले आकडे स्पेसिफिकेशनशी ताडून पाहणं तुमच्यावर बंधनकारकच आहे. ज्या कच्च्या मालाची जोखीम मोठी मानली आहे, त्याच्या रिपोर्टची सत्यता मधूनमधून स्वतंत्रपणे पडताळावी लागते. नुसतं फायलीत लावून भागत नाही.

- बारवर ठोकलेला हीट नंबर आणि कागदावरचा हीट नंबर बार समोर ठेवून जुळवा, स्टोअरच्या टेबलावर बसून नको.
- कागद मूळ मिलचा आहे की व्यापाऱ्याने स्वतःच्या लेटरहेडवर पुन्हा टाइप केलेला? पुन्हा टाइप केलेला असेल तर मिलचा मागा.
- रसायन, ताणाची ताकद, यील्ड, लांबण हे सगळे आकडे आहेत का? किमान मर्यादेवर नेमके बसलेले, किंवा दोन वेगळ्या हीटवर तंतोतंत सारखे आकडे दिसले तर थांबा.
- स्पेसिफिकेशनची रिव्हिजन पीओशी जुळते का?
- शंका आली तर मिलला थेट विचारा. पण मेलचा पत्ता मिलच्या वेबसाइटवरून घ्या, हातातल्या कागदावरून नको. कागद बनावट असेल तर त्यावरचा पत्ताही बनावटच असणार.

आणि हे सगळं जुळलं तरी कागद खोटा असू शकतो. अमेरिकेत सापा प्रोफाइल्स या ॲल्युमिनियम एक्स्ट्रूजन बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत ताणचाचणीचे आकडे १९९६ पासून २०१५ पर्यंत बदलले जात होते. नासाने २००९ आणि २०११ मध्ये टॉरस एक्सएल रॉकेटवरून सोडलेले दोन उपग्रह रॉकेटच्या टोकाचं आवरण न सुटल्यामुळे गेले. ७० कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. त्या आवरणाच्या सांध्यात याच कंपनीचा माल होता. कंपनीला ४.६ कोटी डॉलर भरावे लागले आणि प्रयोगशाळेच्या सुपरवायझरला तीन वर्षांची कैद झाली. तुमच्यापर्यंत येणारा कागद असा असणं दुर्मीळ, पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. टेस्ट मिलवर संशय म्हणून करायची नसते. तुमच्या दारातला बार त्याच कागदाचा आहे का, एवढंच तिने पाहायचं असतं.

कोणती टेस्ट काय सांगते, काय लपवते

डोळा आणि वजनकाटा इथे कामाचे नाहीत. शुद्ध टायटॅनियमची घनता सुमारे ४.५१, सिक्स-फोरची ४.४३. दोन टक्क्यांहूनही कमी फरक. रंग तोच आणि ग्राइंडरवर ठिणगीही तशीच पांढरी, लखलखीत. ताकद मात्र कुठल्या कुठे : ग्रेड २ ला ताणाची किमान ताकद ३४५ मेगापास्कल लागते, सिक्स-फोरला जवळपास ९००. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या दोन आकड्यांत आलं. मापात बसलेला पार्ट अडीचपट दुबळा असू शकतो आणि तुमचा मायक्रोमीटर ते कधीच सांगणार नाही.

एक्सआरएफ गन. झटपट आणि नगाला ओरखडा न पाडणारी. सिक्स-फोरमधलं ४ टक्के व्हॅनेडियम ती लगेच दाखवते, तेव्हा शुद्ध टायटॅनियम घुसलं असेल तर काही सेकंदांत उघडं पडतं. पण तिला कार्बन दिसत नाही. ४१३० आणि ४१४० मधला मुख्य फरक कार्बनचा, म्हणून गन दोन्हींना एकच म्हणू शकते. ३०४ आणि ३०४-एलचंही तेच. टायटॅनियमचे ग्रेड १ ते ४ मुख्यतः ऑक्सिजनवरून वेगळे होतात आणि ऑक्सिजनही तिला दिसत नाही. गन भाड्याने आणून "सगळं ओके" लिहिणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

स्पेक्ट्रो. स्पार्क देऊन केलेल्या या चाचणीत कार्बन कळतो, पण पृष्ठभागावर जळका डाग पडतो. म्हणून ती नगावर करू नका, त्याच बारच्या कापलेल्या चकतीवर करा. प्रयोगशाळा एनएबीएल मान्यतेची हवी, आणि मान्यता त्या धातूसाठी व त्या चाचणीसाठी आहे का, तेही पाहा. नुसता लोगो पुरत नाही. ग्राहकाने नॅडकॅपची अट घातली असेल तर एनएबीएलवर भागणार नाही.

हार्डनेस. स्वस्त आणि घरच्या घरी होणारी, तरी हिची किंमत कमी लेखली जाते. ॲनील्ड सिक्स-फोर साधारण ३० ते ३६ एचआरसी दाखवतं. ग्रेड २ इतकं मऊ, की सी स्केलवर नीट वाचताच येत नाही, बी स्केल लावावी लागते.

कंडक्टिव्हिटी मीटर. ॲल्युमिनियमचं काम करणाऱ्यांनी हा घ्यावाच. ७०७५ चं टी-६ आणि टी-७३ रसायनाने एकच. गन, स्पेक्ट्रो दोन्ही गप्प बसतात. पण टी-७३ हे टेम्पर निवडलेलंच असतं गंजासोबत येणाऱ्या तड्यांना तोंड द्यायला. तिथे टी-६ गेलं तर पार्ट आज तुटणार नाही, काही वर्षांनी तडकेल. विद्युतवाहकतेत मात्र फरक चक्क दिसतो : टी-६ सुमारे ३३ टक्के आयएसीएस, टी-७३ ३८ किंवा जास्त. ६०६१ टी-६ तर ४३ च्या आसपास. विमानात बसलेल्या भागाचा धातू ओळखायलाही हीच पद्धत उपयोगी पडते, कारण प्रोब टेकवायला जेमतेम नाण्याएवढी जागा लागते.

आणि एक मीटर तुमच्याकडे आधीच आहे : मशीनवरचा माणूस. सिक्स-फोर कापणाऱ्याला त्याचा आवाज, चिप, इन्सर्ट किती नग टिकतो, सगळं पाठ असतं. त्याच सेटिंगवर चिप लांबलचक, चिकट येऊ लागली, इन्सर्ट दुप्पट टिकला आणि तो म्हणाला, "आज बार लोण्यासारखा जातोय," तर प्रॉडक्शन वाढलं म्हणून खूश होऊ नका. मशीन थांबवा आणि हार्डनेस घ्या. असं थांबवल्याबद्दल त्या माणसाला कुणी बोलणार नाही, हे शिफ्टच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर सांगून ठेवा.

ओळख हरवते ती बँडसॉवर

जाणूनबुजून केलेली फसवणूक बातम्यांत येते. वर्कशॉपमधली नेहमीची चूक मात्र साधी असते. तीन मीटरचा बार येतो, हीट नंबर एका टोकाला ठोकलेला असतो. कापणारा सोयीच्या टोकाने कापायला घेतो आणि नेमकं ते टोक ठोकलेलं असतं. पहिल्याच ब्लँकबरोबर नंबर गेला. संध्याकाळी ४०० मिलिमीटरचा उरलेला तुकडा कोपऱ्यात उभा राहतो, शेजारी तसाच दुसरा. सकाळी दोन्ही टायटॅनियम, दोन्ही ४० डाया आणि दोन्ही बेवारस.

- नंबर ठोकलेलं टोक सगळ्यात शेवटी कापायचं. दुसऱ्या टोकालाही माल येताच नंबर घाला.
- कापण्याआधी प्रत्येक ब्लँकवर नंबर, कापल्यावर नाही. छोट्या ब्लँकला पिशवी आणि टॅग. पिशवी रूट कार्डासोबतच फिरेल.
- ग्रेडनुसार रंग ठरवा आणि त्याचा तक्ता बँडसॉवर लावा. रंग पूर्ण लांबीवर ओढा, नुसत्या टोकाला नको.
- एकाच व्यासाचे दोन ग्रेड एका रॅकवर ठेवू नका. जागा नसेल तर निदान मध्ये पत्रा घाला.
- बेवारस तुकडा टेस्ट करून पुन्हा स्टॉकमध्ये घेऊ नका. टेस्टने ग्रेड कळेल, हीट कळणार नाही. तो जिग-फिक्श्चरला वापरा किंवा भंगारात टाका.

आणखी एक वेळ धोक्याची, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं : एक नग कमी पडतो ती. ऑर्डर ५० ची, शेवटच्या ऑपरेशनला एक नग उडाला, सकाळी गाडी निघायची आहे. रात्रपाळीचा हुशार मुलगा रॅकवरून "तोच" तुकडा उचलतो, नग पुरा करतो आणि कौतुकही मिळवतो. ५० नगांच्या सर्टिफिकेटखाली एक अनोळखी नग जातो. यावर उपदेश चालत नाही, सोय करावी लागते. सुरुवातीलाच त्याच हीटचे दोन-तीन ब्लँक जादा कापा आणि बदली ब्लँक फक्त स्टोअरच्या चिठ्ठीवर, हीट नंबर लिहूनच द्या. ४९ नग पाठवायची वेळ आली तर ४९ पाठवा.

ग्राहकाने स्वतःचं मटेरियल दिलं असेल, तर ते तुमच्या स्टॉकपासून कुलपाआड वेगळं ठेवा आणि उरलेल्या तुकड्यांचाही हिशेब द्या. धातू त्याचा असला तरी सरमिसळीची जबाबदारी तुमचीच.

चूक सापडली. आता?

माल अजून आत असेल तर : काम थांबवा. त्या बारमधून निघालेलं सगळं, तयार, अर्धवट, ब्लँक, तुकडे, चिपसुद्धा, लाल टॅग लावून कुलपात ठेवा. मग त्या बारच्या आधी आणि नंतर आलेल्या मालाकडे वळा. सरमिसळ दोन्ही बाजूंनी होते, आणि इथे चुकीचा बार सापडला म्हणजे योग्य बार कुठल्या तरी दुसऱ्या जॉबमध्ये गेला असेल. हे हमखास विसरलं जातं.

माल बाहेर गेला असेल तर ग्राहकाच्या क्वालिटी विभागाला त्याच दिवशी लेखी कळवा. गेलेल्या मालातला दोष वेळेत कळवणं एएस-९१०० ने बंधनकारक केलं आहे आणि बहुतेक ग्राहकांच्या अटींत तासांची किंवा दिवसांची मुदतही असते. पत्रात एवढं हवं :

- पार्ट नंबर, पीओ, चलन, नगसंख्या, सीरियल किंवा लॉट नंबर, पाठवल्याची तारीख.
- काय हवं होतं, काय गेलं किंवा काय गेल्याचा संशय आहे, आणि कोणत्या टेस्टवरून.
- कोणते नग खात्रीने चुकीचे, कोणते संशयित, कोणते खात्रीने बरोबर, आणि ती खात्री कशावरून.
- आतला माल रोखला आहे का.
- पुढची माहिती कोणत्या तारखेला देणार.

कारण, खुलासा, माफी हे पहिल्या पत्रात नको. कारण शोधायला आठवडा लागेल, पण विमानात बसण्याआधी नग थांबवायला कदाचित एकच दिवस हातात असेल. "पार्ट वापरण्यास सुरक्षित आहे" असंही लिहू नका. ते ठरवणं तुमचं काम नाही. "आहे तसा वापरा" हा निर्णय डिझाइनवाल्याच्या अधिकाराखालीच होतो. संरक्षण खात्याचं काम असेल तर ग्राहकाबरोबर डीजीएक्यूएचा इन्स्पेक्टरही त्यात येतो.

भंगारात काढायचं ठरलं, तरी नग कापून किंवा चेपून निकामी करा आणि फोटो ठेवा. आख्खा पार्ट भंगारवाल्याकडे गेला की तो कुठे उगवेल ते सांगता येत नाही. दाव्यासाठी दोन-तीन नमुने मात्र सील करून ठेवा.

ऑर्डर जाईल का? काही वेळा जाते, खोटं कशाला बोलू? पण स्वतःहून, नेमक्या सीरियल नंबरांसकट कळवणाऱ्या पुरवठादाराला ग्राहक सहसा सुधारणेची मुदत देतो. ज्याचा माल ग्राहकाने स्वतः पकडला, त्याला मान्यतेच्या यादीतून काढतो.

"सही कर, बाकी मी बघतो"

हा भाग मालकांपेक्षा क्वालिटीत काम करणाऱ्यांसाठी. सर्टिफिकेट ऑफ कन्फॉर्मन्सवर सही तुमची असते. धातू चुकीचा आहे हे माहीत असून केलेली सही म्हणजे फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा होऊ शकतो. "साहेबांनी सांगितलं" हा बचाव पुरत नाही. नकार तोंडी देऊ नका. कारण एका ओळीत मेलवर लिहा : "हीट नंबर जुळत नसल्याने सही करू शकत नाही." मेलची तारीख हीच तुमची ढाल. छोट्या खासगी वर्कशॉपमधल्या माणसाला यापेक्षा भक्कम कायदेशीर कवच आपल्याकडे नाही, हे मान्य करायला हवं. बोईंग, एअरबससारख्या कंपन्यांच्या तक्रारीच्या लाइनी पुरवठादारांच्या माणसांनाही खुल्या असतात. केंद्र सरकारच्या कंपनीतलाच कुणी यात सामील असेल, तर केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद लिफाफ्यात पीआयडीपीआयखाली तक्रार करता येते आणि नाव गुप्त ठेवलं जातं.

पैशाचे हक्क

बार विकणाऱ्याविरुद्ध : १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार वर्णनाबरहुकूम माल देणं ही कराराची अट आहे. वर्णन जुळलं नाही तर माल नाकारता येतो. तपासायला वाजवी संधी मिळेपर्यंत तुम्ही तो स्वीकारला असं धरत नाहीत. पण बार कापलात, की मालकासारखं वागलात. मग माल नाकारण्याचा हक्क साधारणपणे जातो आणि नुकसानभरपाईचा दावा तेवढा उरतो. म्हणून टेस्ट कापण्याआधी. नाकारलेला माल पोचवून देण्याचं बंधन तुमच्यावर नाही, नाकारल्याचं कळवणं पुरे. आणि बनावटीचा संशय असेल तर तो परत देऊच नका, नाहीतर तोच बार पुढच्या गिऱ्हाइकाला विकला जाईल. पीओतच लिहून ठेवा, की धातू चुकीचा निघाल्यास मशिनिंग, टेस्टिंग आणि ग्राहकाने लावलेला खर्च विक्रेत्याकडून वसूल होईल. ही ओळ नसेल तर वाद बारच्या किमतीपाशी अडतो.

मोठ्या ग्राहकाविरुद्ध : तुम्ही उद्यम नोंदणी असलेले सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल, तर २००६ चा एमएसएमई कायदा तुमच्या बाजूने आहे. मालाबद्दलची हरकत माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी आली नाही, तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस धरतात. पेमेंटची मुदत कराराने कितीही लिहिली, तरी ४५ दिवसांपलीकडे जात नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं. तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलकडे करायची. मात्र याची गल्लत करू नका : १५ दिवस उलटले म्हणून चुकीच्या धातूची जबाबदारी संपत नाही. करारातली हमी आणि छुप्या दोषाचा दावा उभाच राहतो. एका वादग्रस्त लॉटसाठी ग्राहकाने तुमची इतर सगळी बिलं अडवली असतील, तर हा कायदा दाखवायची ती जागा.

विमा : प्रॉडक्ट लायबिलिटी पॉलिसी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. अनेक सर्वसाधारण पॉलिसींत विमानात बसणारे भाग वगळलेले असतात. वगळणुकीचं पान काढा आणि विमान हा शब्द शोधा. सापडला तर एजंटकडून वेगळ्या एव्हिएशन कव्हरचं कोटेशन मागवा आणि ते घेताना एक प्रश्न लेखी विचारा : विमान उघडून पार्ट शोधायचा आणि बदलायचा खर्च यात धरला आहे का? पार्टमुळे अपघात झाला तरच पैसे देणारी पॉलिसी ब्रिंदिसीसारख्या प्रकरणात उपयोगाची नाही.